नऊ वाव

देवगड बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे,
वरच्या मजल्यावर माझी खोली.
खाली फाटकी जाळी सांधतात.
वर मी लिस्पला सांधते सी-मधली एक लायब्ररी,
मासे हुडकणाऱ्या परदेशी यंत्राची.
तिच्या हेडर फाइलीत दोन हजार तीनशे अकरा नावं,
सगळी कॅपिटलमध्ये, अंडरस्कोअरने गाठी मारलेली,
दोरीवर सुकत घातलेल्या वाकट्यांसारखी लांबच लांब,
आणि प्रत्येकीच्या पोटात
एकच आकडा.

खोल पाणी म्हणजे सात. उथळ म्हणजे तीन.
घंटा बंद, शून्य.
यंत्राला नाव कळत नाही.
त्याला सात कळतं.

पहिल्या वेळी मी रीतभात पाळली.
प्रत्येक नावाचा सिम्बॉल, सगळ्यांची मिळून एक वही,
आणि दर हाकेला वही उघडायची.
खोल पाणी? थांबा, बघते. सात.
खोल पाणी? थांबा हं. सात.
सेकंदाला चाळीस वेळा
तेच पान, तीच मी,
जणू रोजच्या पोस्टमनला रोज विचारावं, आपण कोण?

मग स्थिरांक केले. वही गेली, हाका झटपट.
पण नावं उठली नाहीत.
दोन हजार तीनशे अकरा पॅकेजभर पाय पसरून बसली.
मला लागतात त्यातली पंधरा.
बाकीची जेवायला.

लाडू तारी, तांडेल, यंत्र घ्यावं की नको ते बघायला आला.
चहा बशीत ओतला. स्क्रीनवरचे कंस बघून म्हणाला,
"ह्ये तिसरे उघडून ठेवलंस काय गो?"
मी विचारलं, पाण्याखालच्या खडपांना तुमच्यात नावं असतात ना?
"असतत. म्हातारेची पाठ. सावतीण. काणो बामण.
ती घराकडे, पोरांका सांगूक.
दर्यात सुकाणार असता तेका काय सांगतंय?
नऊ वाव. डावीकडे. बस.
नाव घेयसर होडी आपटतली."

नाव घेयसर.
त्या रात्री मी मॅक्रो लिहिला.

मॅक्रो जेटीवरच असतो, बोटीत चढत नाही.
कंपाइल होताना तो नाव वाचतो, हेडरमध्ये शोधतो,
नाव पुसून तिथे सात ठेवतो.
बोट सुटते तेव्हा आत नाव नसतंच.
सात काही जागा मागत नाही,
सूचनेच्याच खिशात बसतो, सुट्ट्या पैशासारखा.
आणि एखादं अक्षर चुकलं असेल
तर ते बंदरातच अडकतं,
बारा वाव पाण्यात नाही.

फार हलकं झालं सगळं. मी दोन दिवस
स्वतःवर खूश होते.

तिसऱ्या दिवशी फोन, दुपारी, वारा आणि इंजिन आणि लाडू.
"यंत्र बोलत नाय. वजा एकसष्ट म्हणता."
वजा एकसष्ट.
मी कोडमध्ये बघितलं: तिथेही वजा एकसष्ट.
नाव मीच पुसलेलं. सफाईने.
मग जमिनीवर बसून, लॅपटॉप मांडीवर,
ती फाइल वरपासून, बोटाने, वाकटीमागून वाकटी,
आणि लाडू लाइनवर, बिल चालू,
मागे कुणीतरी ओकत होतं.

सापडलं. "तारीकाका, त्याचं तोंड पाण्याबाहेर आहे."
थोडा वेळ नुसता वारा.
"ता माका दिसता गो," तो म्हणाला,
"दोरी तुटली हा, लोंबकळता.
मी म्हटलंय, तुझ्या आकड्याचो काय तरी मोठो अर्थ असतलो."

आता एक लहानशी यादी ठेवली आहे, उलटी,
आकड्यावरून नावाकडे,
फक्त काही बिघडलं तर उघडायची.
चालू बोटीला ती दिसतही नाही.
यादीत वजा एकसष्टपुढे लायब्ररीतलं नाव आहेच,
त्याखाली माझी टीप:
आधी दोरी बघा.

सावतीण खडपाला सावतीण का म्हणतात
ते विचारायचं राहिलं.
पुढच्या खेपेला.
बशी मोठी काढायला हवी.